अन्नछत्र चालवणारा ताजिक

चिंचेला अरबीत 'तमर हिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. खजुराच्या मुलखातल्या माणसाने आपल्या चिंचेला स्वतःच्या ओळखीच्या फळाचे नाव दिले. नारळाला त्याने 'नारजील' म्हटले, तो शब्द संस्कृत 'नारिकेल'वरून गेलेला. कुरआनात जन्नतच्या पेयात 'जंजबील', म्हणजे आले, येते. त्याचेही मूळ भाषातज्ज्ञ हिंदुस्थानी भाषांत शोधतात. माल गलबतात चढला, की शब्दही सोबत चढतात.

अरबस्तानचा किनारा रखरखीत आणि कोकण पावसाने भिजलेले. एकीकडे खजूर, दुसरीकडे भात, नारळ, सुपारी. दोन्ही किनाऱ्यांना जोडणारे मोसमी वारे मात्र आपल्याच वेळेने वाहतात. एका वाऱ्याने आलेल्या व्यापाऱ्याला परतीच्या वाऱ्यासाठी काही महिने थांबावे लागे. या थांबण्यातून वस्त्या झाल्या. हिजरी ३०४ च्या सुमारास (इ.स. ९१६) अल-मसूदी चौलला आला. अरब त्या बंदराला 'सैमूर' म्हणत. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले. राज्य राष्ट्रकूटांचे होते.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ताम्रपट. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाण मंडलाचा अधिकारी एक ताजिक, म्हणजे अरब, होता. ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमती' असे येते. अभ्यासक त्यात 'मुहम्मद' ओळखतात. या अधिकाऱ्याने नदीवर लोकांसाठी फुकट तरी सुरू केल्या. अन्नछत्र उघडले, तिथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. शिवाय एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठासाठी, तिथल्या नैवेद्यासाठी, राजाच्या संमतीने गावाचे आणि जमिनीचे दान दिले.

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात. पण समुद्रावरून आलेल्या माणसावर राजाने बंदर सोपवले आणि त्या माणसाने तिथल्या भुकेल्याला जेवू घातले, हाही इतिहासच आहे.

ही देवघेव आजही थांबलेली नाही. कोकणचा हापूस आणि नाशिकचा कांदा आखातात जातो, इराक-इराणचा खजूर आपल्या इफ्तारीला येतो. उपवासाच्या दिवशी तोच खजूर हिंदू घरांतही खाल्ला जातो. १ मे २०२२ पासून भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातला व्यापार करारही लागू आहे. दोन देश एकमेकांच्या अन्नावर इतका विश्वास टाकतात. आणि इथे गल्लीतल्या फळवाल्याचे नाव विचारून फळे घ्या, असे जाहीर सांगितले जाते.

अशा वेळी मी चिंचणीचा ताम्रपट पुढे करतो. तो कुठल्या मुसलमानाने लिहिलेला नाही. तो संस्कृतात आहे, आणि त्यात त्या ताजिकाच्या अन्नछत्रातल्या तुपाचीसुद्धा नोंद आहे.