पाचवीची रात्र

गेल्या महिन्यात मी मामा झालो. ऑफिसात एका रिलीजचं घोडं अडलेलं होतं, तरी शुक्रवारी रात्रीची बस पकडून पुण्याहून गावी, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला पोचलो. रविवारी भाच्याची पाचवी होती.

ज्यांच्या घरी हा प्रकार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाळ जन्मलं की पाचव्या (कुठे सहाव्या) रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते. म्हणून पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा, कोरा कागद आणि पेन ठेवायचं, दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही. एकदा लिहिलं की बदल नाही. आमच्या भाषेत रीड-ओन्ली फाइल. हे सगळं लहानपणापासून माहीत होतं. पण या वेळी बहिणीच्या उशाखाली विळा दिसला. आजीला म्हटलं, सटवाई देवी आहे ना, मग विळा कशाला?

"देवीच हाये बाबा. पण लेकरं बी नेती."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. पुण्याला आल्यावर दोन वीकेंड वाचत बसलो.

सटवाई म्हणजे षष्ठी, सहाव्या दिवसाची देवी. उत्तरेत हिचीच छठी होते. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाची बायको देवसेना हिचं एक नाव षष्ठी आहे, आणि त्याच कथेत पूतना, रेवती वगैरे 'ग्रह' येतात, जे सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना छळतात. काश्यपसंहिता हा बालरोगांचा जुना आयुर्वेदीय ग्रंथ. त्यात तर रेवतीचं नावच जातहारिणी आहे, जन्मलेलं हरण करणारी. सभापर्वातली जरा राक्षसीही अशीच. बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना झालेले बाळाचे दोन अर्धे तुकडे टाकून दिलेले असतात. मांस खाणारी जरा ते न्यायला सोपं जावं म्हणून एकत्र जुळवते आणि बाळ रडू लागतं! तोच जरासंध. जरा बाळ राजाला परत देते आणि सांगते, मी घराघरात पुजली जाणारी गृहदेवी आहे, भिंतीवर मुलाबाळांसह माझं चित्र काढणाऱ्याची भरभराट होते.

मेसोपोटेमियातही बाळंतिणीच्या खोलीत शिरून लेकरं उचलणारी लमाश्तू होती. तिला हाकलायला पझुझू नावाच्या दुसऱ्या भुताचे ताईत बांधत. आपल्याकडची रीत मला जास्त शहाणपणाची वाटते. आपण तिला जेवायला बोलावलं.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. अजिंठ्याला क्रमांक दोनच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या बाजूच्या एका देवळीत हारिती आणि पांचिक बसलेत. पाचव्या शतकातलं काम. हारिती ही यक्षिणी, स्वतःची पाचशे मुलं, आणि खायची दुसऱ्यांची. बुद्धाने तिचं धाकटं पोर लपवलं. ती वेडीपिशी झाली, तेव्हा विचारलं, पाचशेतलं एक गेलं तर हे हाल, मग ज्यांचं एकुलतं एक जातं त्यांचं काय? पुढे ती मुलांची रक्षक झाली. मात्र तिच्या पोटाची सोयही करावी लागली. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी इत्सिंग लिहितो की विहारांमध्ये तिच्यापुढे रोज अन्न ठेवत. मूर्तीखालच्या पट्टीत मुलंच मुलं आहेत, काही गुरुजींपुढे बसलेली, काही दंगा करणारी. तीनदा अजिंठ्याला गेलोय, तीनदा तिला न बघता पुढे गेलोय. सगळ्यांसारखाच पद्मपाणीकडे पळालो.

आता यक्षिणी या शब्दाचं मराठीत काय झालं? जखीण! रात्री केस सोडून हिंडणारी. गंमत म्हणजे आमचं भोकरदन हे जुनं भोगवर्धन, इथल्या दानशूरांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, त्यात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा सापडला. तिची जवळची बहीण 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली होती. तिला आधी लक्ष्मी म्हटलं गेलं. ती यक्षी असावी असं आज बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे जिच्या मूर्ती समुद्रापार जात होत्या तिचं नाव आज आमच्याच गल्लीत शिवी म्हणून ऐकू येतं. सटवीचंही तेच.

आजीची पहिली दोन मुलं गेली. एक सहाव्या दिवशी, एक आठव्या. हे तिने त्या रात्री दिव्यात तेल घालता घालता सांगितलं. आधी दूध ओढायचं बंद झालं, मग जबडा बसला, मग अंग धनुष्यासारखं ताठलं. हा धनुर्वात. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली, वर शेण नाहीतर राख लावली की जंतू आत जातात आणि साधारण तीन ते चौदा दिवसांत, बहुतेकदा आठवड्याच्या आसपास, लक्षणं दिसतात. सहाव्या रात्रीची भीती हवेतून आलेली नव्हती. कित्येक घरांत सटवाईसाठी उशाशी ठेवलेल्या विळ्यानेच आधी नाळ कापलेली असायची.

मुलं सटवाईने नेली, असं सगळे म्हणाले. पण सटवी हे नाव पडलं आजीला. चार वर्षं, माझे वडील जन्मेपर्यंत, सासू तिला त्याच नावाने हाक मारायची.

1985 मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, गरोदर बायकांना धनुर्वाताची इंजेक्शनं मिळू लागली, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. 2015 मध्ये माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे दर जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. आजीला हा आकडा सांगितला तर तिने नुसती मान हलवली.

बहीण म्हणाली, सातव्या महिन्यात आजीने फोनवर तीनदा विचारलं होतं, इंजेक्शन घेतलं का. आणि त्या रात्री पाट्याजवळ कोऱ्या कागदाखाली बाळाचं लसीकरणाचं कार्ड होतं. ते मी ठेवलं नव्हतं, बहिणीनेही नाही.