सॅमनवरचा हिरवा शिक्का



सॅमन म्हणजे आपला रावस नव्हे, कूळच वेगळं. १९७० साली नॉर्वेतल्या हित्रा बेटावर ग्रोंटवेट बंधूंनी तो समुद्रात, जाळ्याच्या पिंजऱ्यात यशस्वीपणे वाढवला आणि हा धंदा जगभर पसरला. पण जाळ्यातून पाणी आरपार जातं. विष्ठा, औषधं, उरलेलं खाद्य सगळं समुद्रात; पिंजऱ्यातल्या उवा बाहेरच्या माशांना. २००७ मध्ये चिलीत विषाणूची साथ आली नि तिथला धंदा कोसळला.

२००४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने उत्पादक, शास्त्रज्ञ आणि पर्यावरणवाद्यांना एकत्र बसवलं. २०१० मध्ये एएससी ही संस्था निघाली, २०१२ मध्ये सॅमनचे निकष आले. म्हणजे पिंजऱ्यानंतर तब्बल ४२ वर्षांनी! उवा मोजा, पळालेल्या माशांचा हिशोब द्या, हे लेखी आलं हा फायदा मी मानतो. जाळं मात्र उघडंच राहिलं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २०१७ मध्ये एक पिंजरा मोडून दोन लाखांवर अटलांटिक सॅमन पॅसिफिकच्या पाण्यात सुटले. २०१८ मध्ये तिथे बाहेरच्या जातीचं मत्स्यपालन टप्प्याटप्प्याने बंद करायचा कायदाच झाला.

शिक्का सांगतो, किती नुकसान चालेल. मुळात चालेल का, हे लोकांनीच ठरवायचं. पाकीट उचलताना एवढा फरक लक्षात असू द्या.