कोयनेची भेग : पाण्याखालचं काँक्रीट कसं सांधलं?

कोयना धरणाची ही गोष्ट मला पहिल्यांदा भेटली ती एका सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये. अबॅकस नावाचं स्ट्रक्चरल अॅनालिसिसचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या उदाहरणांत चक्क आपलं कोयना. म्हटलं, सातारा जिल्ह्यातलं धरण इथे काय करतंय?

तर, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगर झोपेत असताना भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरण उभं राहिलं, पण उंच ब्लॉक्सना आडव्या भेगा पडल्या, पाण्याच्या बाजूनेही आणि खालच्या बाजूनेही.

भेगा नेमक्या कुठे? धरणाची उंची १०३ मीटर. पायथ्यापासून साधारण ६६ मीटरवर खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, जणू मान. धरण आधी टप्प्याटप्प्याने उंच करायचं ठरलं होतं. काम चालू असतानाच पूर्ण उंचीचा निर्णय झाला आणि ही मान तयार झाली. (प्रोजेक्ट अर्ध्यावर असताना रिक्वायरमेंट बदलणं म्हणजे काय, ते आम्हा आयटीवाल्यांना विचारा.) त्यात डिझाइन करताना भूकंपाचा जोर धरला होता गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट. धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने नोंदवला तो ०.४९ पट, नदीच्या दिशेने. जवळजवळ दहापट! ही नोंद हाती असल्यामुळेच जगभरचे इंजिनिअर आजही आपलं मॉडेल कोयनेवर तपासून बघतात.

त्या पहाटे धरणात सुमारे ९२ मीटर पाणी होतं. म्हणजे पाण्याकडची भेग साधारण २५ मीटर खोल पाण्याखाली. तिथे दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब. हे पाणी भेगेत शिरतं आणि पाचरीसारखं तिला आतून उघडायला बघतं. खाली पाटण, कराड, सांगली. पानशेत फुटून पुण्याची दैना झाली, त्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती.

मग भेग बुजवायची कशी? केसाएवढ्या फटीत सिमेंट जात नाही, त्याचे कण जाड पडतात. म्हणून इपॉक्सी. घरी अॅराल्डाइटच्या दोन ट्यूब एकत्र कालवतो ना, त्याच जातीचं रसायन. एरवी पद्धत अशी : भेगेचं तोंड बाहेरून बंद करायचं, जागोजागी नळ्या ठेवायच्या, खालून वर दाबाने भरत जायचं. वरच्या नळीतून इपॉक्सी बाहेर आलं की खालची बंद. फट ओली असेल तर ओल्यातही चिकटणारं मिश्रण लागतं. बंदरातल्या जेट्टीच्या खांबाला पाण्याखाली भेग पडली तर पाणबुडेही असंच काम करतात.

पण कोयनेला नुसतं चिकटवून भागणार नव्हतं. भेग सांधली तरी मान तशीच राहते, पुढचा धक्का पुन्हा तिथेच बसणार. म्हणून आधी उंच ब्लॉक पोलादी केबलनी ताणून तात्पुरते आवळले, मग खालच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. हे काम १९७३ पर्यंत झालं. मधल्या सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण व्हायला मात्र २००६ साल उजाडलं.

तोवर तिथली जमीन काही गप्प बसली नव्हती. छोटे धक्के आजही बसतात.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.