अंगणातील रंगीत कुंडीबाग : डबा आणि माती निवडताना

अंगणात बाग फुलवण्यासाठी महागड्या कुंड्याच हव्यात असे नाही. तेलाचे डबे, फुटके माठ, जुने टायरही चालतात. मात्र कीटकनाशक, तणनाशकाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी कुंडी म्हणून वापरू नका. त्यात औषधाचा अंश राहतो. अंगणात मुले खेळतात, कुंडीत कोथिंबीर, पुदिनाही लावला जातो. असे डबे फवारणीच्या वेळीच ३ वेळा विसळा, ते पाणी फवारणी पंपात ओता आणि डबे भोके पाडून निकामी करा.

माती : नुसती काळी माती भरू नका. ती ओली झाली की फुगते, निचरा होत नाही. वाळली की भेगा पडून मुळे तुटतात. २ भाग पोयटा माती, १ भाग चांगले कुजलेले शेणखत व १ भाग वाळू मिसळा. तळाला ३-४ छिद्रे पाडून त्यावर खापराचे तुकडे ठेवा.

रोपे : उन्हात जास्वंद, झेंडू, सदाफुली, चिनी गुलाब, सावलीत कोलियस, मनीप्लांट लावा. उंच रोपे मागे, पसरणारी पुढे ठेवा.

सजावट : मातीच्या कुंडीला गेरू लावून पांढऱ्या रंगाने वारली चित्रे काढा. पत्र्याचे डबे, टायर उन्हात तापतात, त्यांना बाहेरून फिकट रंग द्या.

निगा : वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी द्या. कुंडीखालच्या ताटल्या व टायरमध्ये साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाका; डेंगीचे डास तिथेच वाढतात.