कॉफी हाऊस : सेवकांची मालकी

सहकारी संस्थेची नोंदणी एका दिवसात होते. तिची ओळख घडायला मात्र वर्षे लागतात. खाजगी नफ्याहून आणि सरकारी कारभाराहून आपली वाट निराळी आहे, हे तिला नियमावलीपेक्षा दैनंदिन व्यवहारातून सिद्ध करावे लागते. भारतीय सहकाराच्या इतिहासात या घडणीचे बोलके उदाहरण म्हणजे इंडियन कॉफी हाऊस होय.

या उपाहारगृहांचा आरंभ सहकारातून झाला नव्हता. जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळल्यावर देशातच तिला गिऱ्हाईक मिळवून देणे बागायतदारांना आवश्यक वाटू लागले. त्या हेतूने कॉफी उपकर समितीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे पहिले 'इंडिया कॉफी हाऊस' उघडले. पुढे ही व्यवस्था कॉफी मंडळाकडे आली आणि १९४०च्या दशकात देशभरात अशी सुमारे पन्नास कॉफी हाऊसे झाली. पांढरा गणवेश, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला फेटा, अशा साहेबी थाटात तेथील सेवक वावरत.

१९५०च्या दशकाच्या मध्यास मंडळाचे धोरण बदलले. कॉफी हाऊसे बंद करण्याचा निर्णय झाला आणि कामगारांवर बेकारीचे संकट आले. अशा वेळी कामगार संघटना सामान्यतः नोकरी टिकवण्याची किंवा नुकसानभरपाईची मागणी करते. साम्यवादी नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने या कामगारांनी त्यापुढचे पाऊल टाकले : मंडळाला ही उपाहारगृहे चालवायची नसतील, तर ती आम्ही चालवू. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळूरला पहिली कामगार सहकारी संस्था स्थापन झाली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आणि ८ मार्च १९५८ रोजी केरळात थ्रिसूर येथे कॉफी हाऊस उघडले. १९५८ अखेर पुणे, नागपूर, जबलपूर, लखनौ, कलकत्ता अशा अनेक शहरांत त्याचा विस्तार झाला.

या स्थित्यंतरात बाहेरून दिसणारा बदल फारच थोडा होता. 'इंडिया'चे 'इंडियन' झाले. इंग्रजी नावात एका अक्षराची भर पडली. गणवेश तोच राहिला आणि फेटाही. जुन्या सत्तेची ही खूण कामगारांनी टाकून का दिली नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु पोशाख तोच असला तरी तो घालणाऱ्याचे स्थान पालटले होते. मेजावर पेला ठेवणारा माणूस आता संस्थेचा सभासद होता आणि व्यवस्थापन समिती निवडण्याचा अधिकार त्याला होता. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांत सभासद ऊस पिकवतो आणि कामगार वेतन घेतो; मालकी व श्रम तेथे दोन ठिकाणी राहतात. कॉफी हाऊसने तत्त्वतः ही दोन्ही एकत्र आणली. त्याचे वेगळेपण येथे आहे. एकाच मध्यवर्ती सत्तेखाली न जाता प्रदेशवार स्वतंत्र संस्था स्थापन करणे आणि त्यांचा केवळ महासंघ ठेवणे, हाही त्याच वृत्तीचा भाग म्हणता येईल.

तथापि या मालकीला एक मर्यादा होती. कामावर हक्क मिळाला, तरी अनेक शहरांत जागा परक्याचीच राहिली. दिल्लीत कॅनॉट प्लेसचे कॉफी हाऊस आणीबाणीच्या काळात पाडले गेले आणि पुढे ते मोहनसिंग प्लेसमध्ये गेले. बंगळूरला महात्मा गांधी मार्गावरील जागा २००९ मध्ये सोडावी लागली आणि संस्थेने चर्च स्ट्रीटवर नव्याने बस्तान बसवले. याउलट तिरुवनंतपुरमला तंपानूर येथे लॉरी बेकर यांनी रचलेली, चक्राकार उताराची आणि जाळीदार भिंतींची विटांची इमारत उभी राहिली. तेथे कॉफी हाऊसला स्वतःचे असे रूपही लाभले.

दुसरी मर्यादा स्मृतीची आहे. साहित्यात कॉफी हाऊस आले ते प्रामुख्याने लेखक, विद्यार्थी आणि राजकीय कार्यकर्ते यांच्या बैठकींमुळे. मन्ना डे यांनी गायिलेले प्रसिद्ध बंगाली गीतही पांगलेल्या मित्रमंडळींची आठवण जागवते. जे बसले त्यांचा इतिहास लिहिला गेला. जे उभे राहून वाढत होते, ते त्यात पार्श्वभूमीपुरतेच उरले. म्हणूनच केरळातील या चळवळीचे एक प्रवर्तक आणि कॉफी मंडळाच्या कामगार संघटनेचे नेते एन. एस. परमेश्वरन पिळ्ळै यांनी मल्याळममध्ये लिहिलेल्या 'कॉफी हाऊसिन्ते कथा' या पुस्तकाचे मोल मोठे आहे. त्यातून हा इतिहास उभे राहणाऱ्यांच्या बाजूने मांडला गेला.

पर्यायी संस्थेला आपली मालकी जपावी लागते, तशीच आपली कथाही जपावी लागते. ती सभासदांनी सांगितली नाही, तर गिऱ्हाईक आपल्या सोयीची ओळख तिला देऊन टाकते. मग संस्था नावाने सहकारी राहते, पण पुढच्या पिढीतील सेवकाला आपण मालकही आहोत याचा विसर पडू शकतो. १९५७च्या कामगारांनी मिळवलेले खरे धन या जाणिवेतच होते.