आज्ञाभंगाची कथा (ख्रिस्तपुराण)

फादर थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील आदाम-एवेच्या पतनाचे आख्यान. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे मराठी ओवीबद्ध पुराण १६१६ मध्ये रायतूरला रोमी लिपीत छापले गेले. त्यात १०,९६२ ओव्या असून त्याच्या दोन भागांपैकी पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ ‘अवस्वर’ (अध्याय) आहेत. जुने पुराणश्रवण सुटलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना त्याच्या जागी ऐकायला काही हवे होते, त्यातून हा ग्रंथ झाला.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात सर्प येतो, पण ल्युसिफरच्या गर्वाची हकिगत तिथे नाही. ती चर्चच्या परंपरेतली. ख्रिस्तपुराणात येते तशी ती पतनाच्या आधी आली की कथेचा अर्थ बदलतो. गर्व देवदूताच्या मनात उपजतो आणि मग ‘देवासारखे व्हाल’ या आमिषातून माणसात उतरतो. फळ खाणे हे त्याचे शेवटचे टोक. कुराणातला इब्लिसही गर्वानेच आदमपुढे झुकायचे नाकारतो.

स्टीफन्स यांची खरी कसोटी शब्दांत लागली. सैतानासाठी त्यांनी ‘देवचार’ घेतला. गोव्याच्या लोकश्रद्धेत देवचार हा गावाची राखण करणारा. तोच इथे माणसाचा वैरी झाला. श्रद्धेला शब्द आला ‘भावार्थ’. आज मराठीत त्याचा अर्थ सारांश असा उरला असला, तरी गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत भावार्थ म्हणजे श्रद्धाच.

प्रल्हादाची कथा ऐकत वाढलेल्या माणसाला हे आख्यान सहज पचणारे नव्हते. तिथे गर्व हिरण्यकशिपूचा आणि आज्ञा मोडणारा मुलगाच भक्त. इथे आज्ञा मोडणे हेच पाप. अर्थात आज्ञा कोणाची, हा प्रश्न दोन्हीकडे निर्णायक आहे, आणि गोव्याच्या साष्टी भागात तो केवळ धर्मशास्त्राचा नव्हता. १५८३ च्या जुलैत साष्टीतल्या कुंकळीला पाच जेझुइट मारले गेले. पुढे तिथल्या गावकऱ्यांना वाटाघाटींसाठी बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले. स्टीफन्स त्या काळात साष्टीतच होते. देवाच्या आज्ञेचे हे आख्यान ऐकणाऱ्यांच्या कानांत राजाच्या आज्ञेचा आवाज ताजा होता. हे बाजूला ठेवून या आख्यानाचा नुसता भाषासौंदर्यासाठी गौरव करणे अपुरे वाटते.

ख्रिस्तपुराणाच्या १७ व्या शतकातील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून जोसेफ साल्डान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमी आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची.