नवरदेवाचे बाशिंग

‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. बाशिंगाची जागा कपाळावर. ते गुडघ्यावर उतरले की हसू व्हायचेच! पण कालपर्यंत अंगणात विटीदांडू खेळणारा मुलगा ते कपाळी बांधताच एकाएकी ‘नवरदेव’ कसा होतो, घरची वडीलधारी माणसेही त्याला मानाने पाटावर कशी बसवतात, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करायचा असेल तर संक्रांतीला सोलापुरास जावे.

तेथे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत. त्यांची सेवा करणाऱ्या एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्न करण्याचा हट्ट धरला, अशी कथा आहे. योगी लग्न कसे करणार? त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला विवाहाची अनुमती दिली. ते लग्न सोलापूरकर दरवर्षी लावतात. योगदंडाचे प्रतीक असलेल्या सात उंच नंदीध्वजांना हार-बाशिंगांनी सजवतात. त्यांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले मानकरी त्या काठ्या पेलत निघतात आणि तळ्याकाठच्या संमती कट्ट्याजवळ हजारो हातांतून अक्षता पडतात. दुसऱ्या दिवशी नवरीचा साज चढवलेली पेंढी होमात अर्पण होते. येथला नवरदेव लाकडाचा, तरी त्याच्यावर पडणाऱ्या अक्षता खऱ्या. मग लग्नघरातल्या हाडामांसाच्या मुलाला गावाने देव मानले, तर नवल ते काय?

बाशिंग हा खरे पाहता अगदी स्वस्त ऐवज. मुंडावळ्या फुलांच्या वा मोत्यांच्या, कपाळावरून बांधून दोन्ही कानांशी झुलणाऱ्या. बाशिंग मात्र कपाळावर उभे राहते, एखाद्या लहानशा मखरासारखे. पाणथळीत वाढणाऱ्या भेंडाचा गर पांढरा आणि पिसासारखा हलका. धारदार सुरीने त्याच्या पातळ पापुद्र्या काढायच्या, पाकळ्या कातरायच्या, कागदी पाठीवर खळीने चिकटवायच्या, वर बेगड, जिलेटीन आणि मणी. भेंड हलके म्हणूनच ते कपाळाला पेलते. हेच पितळेचे केले असते तर नवरदेवाने मंगलाष्टके संपेपर्यंत मान टाकली असती!

सोलापूर हे ह्या वस्तूचे खरे आजोळ वाटते, कारण येथे तीन भाषा एका गल्लीत नांदतात. कन्नड माणूस ‘बासिंग’ म्हणतो, तेलुगू माणूस ‘बासिकम्’, मराठी माणूस ‘बाशिंग’. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली आणि शहर गिरणगाव बनत गेले. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर येथे मागावर बसले. त्यांच्या लग्नात वर आणि वधू दोघांच्याही कपाळी बासिकम् असते. एका भिंतीआड दोन घरची कार्ये, दोन भाषांतली गाणी. पण कपाळावरचा शब्द मात्र एकच!

आणि त्यात एक थोर समता होती. जरीचा फेटा, उपरणे, कट्यार ह्यांत श्रीमंती दिसे. भेंडाच्या बाशिंगात ती फारशी दिसत नसे. सावकाराचा मुलगा काय, गिरणी कामगाराचा मुलगा काय, दोघांचेही देवपण कागद-बेगडीचेच. लग्न उरकले की सोने पेटीत जाई. बाशिंग कुठे देवापुढे ठेवत, कुठे पाण्यात सोडत. देवपण दोन दिवसांचे, पुढे संसार, हेच ते सांगत असावे.

आज प्लास्टिकची चकाकती बाशिंगे बाजारात ढिगाने मिळतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, आणि ती कोणाच्या हातची, हेही सांगता येत नाही. भेंड कातरणाऱ्या बोटांना काम उरले नाही, तर ती कला एका पिढीत जाईल; बोटांची विद्या पोथीत राहत नाही.

दिवाळी सरली की तुळशीचे लग्न लागेल आणि मुहूर्त सुरू होतील. यंदा ज्यांच्या घरी कार्य असेल, त्यांनी हाताने केलेले एक बाशिंग शोधावे. थोडी घाई झाली तरी चालेल; चांगल्या कामासाठी एखाद्याने गुडघ्याला बाशिंग बांधले, तर कोणी हसणार नाही!